जुनी व्ही-८, नवी व्ही-६ : माउंट नेबोच्या घाटात दोन लँड क्रूझर

आमच्याकडे २०१६ची टोयोटा लँड क्रूझर २०० आहे, त्यातलं वरचं मॉडेल, सहारा. साडेचार लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं डिझेल, आणि धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो. ब्रिस्बेनमध्ये ही गाडी दारात असणं म्हणजे फार काही मिरवण्यासारखं नाही. इथं शेतकरी, खाणीतले लोक, निवृत्तीनंतर कॅरव्हॅन घेऊन देश पालथे घालणारे आजी-आजोबा, सगळेच ती चालवतात. भारतातल्या मित्रांना मात्र गाडीचा फोटो पाठवला की पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या मंत्र्याची?' त्यांचंही बरोबर आहे. तिची नवी पिढी, ३००, भारतात २०२३ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २ कोटी १० लाख होती.

आता जुनीचे किलोमीटर बरेच झालेत, आणि ३००साठी सुरुवातीला असलेली ती कुप्रसिद्ध वेटिंगही ओसरली आहे. म्हणून नवी सहारा चालवून बघायचं ठरवलं. पण शोरूमच्या आसपास एक गोल चक्कर मारून मान डोलवायची, हे मला नको होतं. नवी गाडी एकटी चालवली की चांगलीच वाटते. तोच रस्ता, तोच दिवस, टायरमध्ये तेवढीच हवा आणि मागोमाग आपली जुनी, असं असेल तरच फरक कळतो. म्हणून डीलरला सांगितलं, आम्ही दोन गाड्या घेऊन ब्रिस्बेनजवळच्या डोंगरात, माउंट नेबोला जाणार, वर अदलाबदल करणार आणि सॅमफर्डकडून खाली उतरणार. सेल्समन पोरगा बावीस-तेवीसचा असेल. त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, बाहेर येऊन कागद पुढे केला. अपघात झाला तर एवढी रक्कम तुमच्या खिशातून, कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, वाळूत तर अजिबात नाही. जी गाडी वाळवंट ओलांडण्यासाठी ओळखली जाते ती डांबर सोडायची नाही! पण तो तरी काय करणार. सही केली.

आई सध्या सांगलीहून आलेली आहे. तिला घरी एकटी ठेवण्यापेक्षा बरोबर घेतली, आणि त्याचा फायदाच झाला. गाडीची उंची कॅटलॉगमध्ये वाचून कळत नाही, सत्तरीतल्या गुडघ्याला विचारावी लागते. तिने आधी पायदानावर एक पाय ठेवला, मग हात वर करून खांबावरचा दांडा चाचपला, मग थांबली.

"काय रे, ही आपल्या गाडीपेक्षा उंच आहे का?"

"नाही गं आई, जवळपास तेवढीच आहे."

"मग दार कमी उघडतंय बहुतेक. वळायला जागा कमी वाटतेय."

तिचं म्हणणं पट्टीने मोजून पाहिलं नाही. पण नंतर मी स्वतः मागे चढताना जरा अंग चोरूनच चढलो, हे खरं. बसल्यावर मात्र तिची तक्रार संपली. मागच्या सीटलाही गार हवा आहे हे पोराने बटण दाबून दाखवलं तेव्हा तिने दोन मिनिटं अनुभव घेतला आणि "बंद कर, पाठीला लागतंय" म्हणून निकाल दिला.

दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर. हा आकडा टोयोटाने १९९०च्या ८० सिरीजपासून धरून ठेवलाय. रुंदीही तेवढीच, १९८० मिलिमीटर. बाहेरून बघणाऱ्याला नाकाची जाळी तेवढी मोठी झालेली दिसते. आत शिरलं की मात्र पिढी बदलल्याचं लगेच समजतं. जुनीत नऊ इंची स्क्रीन, नवीत सव्वाबारा इंचाच्या वर. एवढं करूनही एसीची, आवाजाची, डिफरन्शियल लॉकची बटणं त्यांनी बटणंच ठेवलीत, स्क्रीनमध्ये कोंबली नाहीत. हातात मोजे घालून, खड्ड्यातून उडत असताना ज्याने कधी टचस्क्रीन वापरलाय त्याला याची किंमत कळेल.

द गॅप या उपनगरात वॉटरवर्क्स रोड संपतो आणि माउंट नेबोचा रस्ता सुरू होतो. दुतर्फा युकॅलिप्टसची दाट झाडी, एकामागून एक वळणं, मोटारसायकलवाल्यांची आवडती जागा. आंबा घाटाची आठवण यावी असा, फक्त लेन आखलेली आणि कठड्याशी माकडं नाहीत. मी नवी घेऊन पुढे, बायको जुनी घेऊन मागे.

पहिल्या चढालाच कळलं की माझा उजवा पाय अजून जुन्या गाडीत आहे. २००मध्ये चढ आला की आपण पाय जरा आधीच दाबतो. तिची ६५० न्यूटन मीटरची ताकद १६०० आरपीएमला हजर होते, पण गिअर सहाच. इंजिन आधी 'हं' म्हणतं, मग गाडी उचलते. एकदा उचलली की थांबत नाही, तो भाग वेगळा. ३००ला तसा पाय दाबला तर गाडी उसळलीच. पोरगा शेजारी बसला होता, तो हसला. सगळे व्ही-८वाले पहिल्या चढावर हेच करतात म्हणाला.

त्याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे. जुन्या व्ही-८मध्ये दोन टर्बो असतात, प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरना एक, आणि दोन्ही बरोबर चालतात. नव्या ३.३ लिटर व्ही-६मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेत. त्यामुळे धूर इंजिनातून निघून टर्बोपर्यंत पोचायला वाट कमी लागते. शिवाय कमी आरपीएमला एकच टर्बो काम करतो, दुसरा वेग वाढल्यावर साथीला येतो. सगळा धूर एकाच टर्बोवर पडला की तो लवकर फिरायला लागतो. वर दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कागदावर २२७ किलोवॅट आणि ७०० न्यूटन मीटर, म्हणजे जुनीपेक्षा २७ किलोवॅट आणि ५० न्यूटन मीटर जास्त. पण घाटात जाणवतो तो हा आकड्यांमधला फरक नव्हे. जाणवतं ते एवढंच की मागितलं की मिळतं, वाट बघावी लागत नाही.

दहा गिअर म्हटल्यावर मला भीती होती की गाडी सतत गिअर शोधत बसेल. तसं झालं नाही. वळणाच्या आधी ब्रेक लावला की दोन गिअर खाली, बाहेर पडताना पुन्हा वर, आणि हे सगळं इतकं मऊ की मी डोळा आरपीएमच्या काट्यावर ठेवला म्हणून कळलं.

आता आवाजाचं. इथं मी निःपक्ष राहू शकत नाही. व्ही-८चा तो खालच्या पट्टीतला घुमारा, काच खाली करून बोगद्यातून जाताना ऐकावा असा, तो ३००मध्ये नाही. व्ही-६ शांत आहे, सभ्य आहे, चढावर जोर दिला की थोडी घरघर करते आणि पुन्हा गप्प होते. आईला विचारलं, कुठली गाडी बरी वाटते? "ही बरी. हिच्यात तुझं बोलणं ऐकू येतं." आता यावर काय वाद घालणार.

जॉलीज लुकआउटला गाड्या लावल्या. समोर खाली सॅमफर्डची दरी, हवा स्वच्छ असेल तर पार समुद्राच्या बाजूचे डोंगर दिसतात. आईने डब्यातल्या दशम्या काढल्या, पोरालाही एक दिली. त्याने ती पॅनकेक समजून खाल्ली आणि अजून एक मागून घेतली. तेवढ्या वेळात मी आणि बायकोने किल्ल्या बदलल्या.

उतारावर मी जुनीत, आणि तेव्हा खरा फरक अंगावर आला. इतकी वर्षं जी गाडी मला भक्कम वाटत होती ती अचानक वजनदार वाटायला लागली. स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतंय, नाक वळणात थोडं उशिरा शिरतंय. ३००चा सांगाडा नवा आहे, बॉनेट, छत आणि दरवाजे ॲल्युमिनियमचे, आणि टोयोटाच्या म्हणण्याप्रमाणे रचनेतून २०० किलोंपर्यंत वजन कमी केलंय. शिवाय व्हीएक्सपासून वरच्या मॉडेलमध्ये हायड्रॉलिक स्टिअरिंगला विजेच्या मोटरची जोड दिलीय, त्यामुळे लेन सोडली तर गाडी स्वतः हळूच परत आणते. बायकोला ते आवडलं नाही. खाली पोचल्यावर म्हणाली, "अरे, वळणावर कुणीतरी शेजारी बसून माझा हात धरतंय असं वाटत होतं. ते बंद होतं का?" होतं. पोराने लगेच दाखवलं.

तिची दुसरी नोंद जास्त मोलाची होती. सॅमफर्डच्या अलीकडे रस्ता एका ठिकाणी उखणलेला आहे. तिथे नवी गाडी जुनीपेक्षा कडक आपटली म्हणे. कारण चाकात असेल म्हणून बघितलं, पण तिथे फरक नव्हता. जुन्या आणि नव्या, दोन्ही सहारांना १८ इंचीच रिम, २० इंची मिळते ती वरच्या सहारा झेडएक्सला. रिम मोठी म्हणजे टायरची भिंत आखूड, आणि खड्ड्याची धार थेट आत येते. ब्रायबी आयलंडच्या किनाऱ्यावर आम्ही टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवतो, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वाळूत रुतत नाही. पसरायला भिंत लागते. २० इंचीत ती कमी. दिसायला झकास आहे, पण वाळूत जाणाऱ्याने पैसे मोजून हा तोटा विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवर नव्या गाडीची सरशी होती. शोरूमच्या आवारात परत आलो, पोरगा मनातल्या मनात कमिशन मोजत असावा. मी म्हटलं, आता गाडी उभी करून अर्धा तास दे.

दोन्ही गाड्या पाठमोऱ्या शेजारी शेजारी लावल्या. जुनीचं मागचं दार दोन भागांत उघडतं. वरचा भाग वर जातो आणि खालचा फळीसारखा आडवा पडतो. या फळीवर आमचा संसार चालतो. त्यावर गॅस मांडून चहा होतो, मुलं बसून पायांची वाळू झटकतात, मी पालथा पडून आतल्या फ्रिजमधलं खालचं पाकीट काढतो. नवीत हे दार एकसंध आहे. बटण दाबलं की पूर्णच्या पूर्ण वर जातं. पावसात डोक्यावर मोठं छप्पर मिळतं हे कबूल. पण आईने मागे येऊन एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हिच्यात बसायचं कुठं?" पोराला याचं भाषांतर करून सांगितलं. त्याने प्रामाणिकपणे मान हलवली. जुने गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतात म्हणे.

तिसऱ्या रांगेचं उलट. जुनीत त्या सीट दुमडून दोन्ही बाजूंना उभ्या लटकतात आणि डिकीची रुंदी खातात. आम्ही त्या केव्हाच काढून गॅरेजमध्ये ठेवल्यात. नवीत बटण दाबल्यावर त्या जमिनीत सपाट होतात. बघायला छान. पण त्या आडव्या झाल्या तरी जागा घेतातच, म्हणून डिकीची जमीन वर आलीय. फ्रिज सरकवून चढवायचा तर तेवढा जास्त उचलावा लागणार.

मग मी वही काढली. आमची कॅरव्हॅन भरल्यावर वजनकाट्यावर २८०० किलो भरते, आणि त्यातले साधारण २८० किलो गाडीच्या टो बॉलवर, म्हणजे कॅरव्हॅन अडकवायच्या मागच्या गोळ्यावर येतात. दोन्ही गाड्यांची ओढण्याची क्षमता ३५०० किलो, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण खरी अडचण दुसऱ्या आकड्यात असते. जीव्हीएम, म्हणजे गाडी स्वतः, त्यातली माणसं, सामान आणि टो बॉलवरचा भार मिळून कायद्याने चालतं ते कमाल वजन. २००चं ते ३३५० किलो. ३००चं ३२८०. होय, कमी झालंय.

नवी सहारा रिकामी २६३० किलो, म्हणजे उरतात ६५०. जुनी रिकामी सुमारे २७४०, म्हणजे ६१०. गाडी शंभरावर किलोंनी हलकी झाली आणि आपल्या हाती पडले जेमतेम चाळीस. त्या चाळीसातही गंमत आहे. रिकाम्या वजनात डिझेलची टाकी भरलेली धरतात. जुनीत ९३ आणि ४५ लिटरच्या दोन टाक्या, मिळून १३८. नवीत ८० आणि ३०, मिळून ११०. अठ्ठावीस लिटर डिझेल म्हणजे तेवीस-चोवीस किलो. म्हणजे चाळीसातले निम्म्याहून जास्त किलो कमी डिझेल भरून मिळालेले!

आता ६५०मधून कॅरव्हॅनचे २८० वजा. उरले ३७०. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून २७० धरा, कारण ड्रायव्हरही यातच मोजतात. उरले शंभर. कांगारू आडवा आला तर नाक वाचवायला बुलबार हवाच, त्याचे साठ-सत्तर. टो बार वेगळा. मग भरलेला फ्रिज, हत्यारांची पेटी, मुलांच्या सायकली. आईला तर मोजलंच नाही. एका लाखाच्या वर डॉलर मोजून घेतलेली गाडी पहिल्याच सुट्टीत कायद्याबाहेर. जुनीतही हेच झालं होतं, म्हणून आम्ही तिला मागून जड स्प्रिंग टाकून जीव्हीएम वाढवून, रीतसर प्रमाणपत्र घेतलं होतं. नवीलाही ते करावं लागणार, आणि करायचंच तर पहिल्या रजिस्ट्रेशनच्या आधी केलेलं सोपं पडतं, कारण मग ते केंद्राच्या नियमात बसतं, राज्याराज्यांच्या नियमांची भानगड राहत नाही.

पोरगा वहीकडे बघत होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं असावं की मी भाव पाडायला हे करतोय. तसं नव्हतं, पण त्याने दोन रबरी मॅट फुकट देऊ केल्या.

टाकीचा मुद्दा तेवढ्यावर संपत नाही. कंपनीच्या चाचणीत नवी १०० किलोमीटरला ८.९ लिटर पिते, जुनी ९.५. हे आकडे मोकळ्या गाडीचे. कॅरव्हॅन मागे लावली आणि समोरून वारा असला की आमची जुनी सतरा सहज पिते. त्या हिशेबाने १३८ लिटरमध्ये आठशे किलोमीटर. नवी जरा कमी पिईल, सोळा धरा. ११० लिटरमध्ये सातशेच्या खाली. इथल्या वाळवंटातला मॅरीपासून बर्ड्सव्हिलपर्यंतचा ट्रॅक ५१७ किलोमीटरचा आहे, मध्ये मुंगेरानीला एक पंप. नवीही तिथं पोचेल, नाही असं नाही. फक्त जुनीत मी पंपाचे दर बघून 'पुढे भरू' म्हणू शकतो, नवीत मिळेल तिथं भरावं लागेल.

या देशात ही गाडी रुजली तीच अशा कामातून. पन्नासच्या दशकाच्या शेवटी लेस्ली थीस या कंत्राटदाराने स्नोई माउंटन्सच्या जलविद्युत प्रकल्पासाठी लँड क्रूझर मागवल्या, आणि टोयोटाचं ऑस्ट्रेलियातलं बस्तान तिथून बसलं. गारेगार सीट नंतरच्या.

संध्याकाळी घरी जेवताना विषय पुन्हा निघालाच. चालवायला नवी उजवी, हे आम्हा दोघांनाही मान्य. इंजिन, गिअर, वळणं, ब्रेक, रात्रीचे दिवे, एकाही बाबतीत जुनी पुढे नाही. आवाज सोडून, आणि तो माझा वैयक्तिक रोग आहे. भांडण होतं ते मॉडेलवरून. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ३०० इथं आली तेव्हा सहारा १ लाख ३१ हजार डॉलरला होती आणि दोन पायऱ्या खालची जीएक्सएल सुमारे १ लाख २ हजारांना, वरचा खर्च वेगळा. जीएक्सएलला तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तीच १८ इंची रिम, आणि ती पन्नास किलो हलकी. म्हणजे भार वाहायला सातशे. सीट कापडी, मागे टीव्ही नाहीत, बटणावर हलणारी तिसरी रांग नाही. जे नाही ते मला नकोच आहे. उरलेल्या पैशात स्प्रिंग, बुलबार सगळं बसतं.

मी हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, पोळी वाढली.

"जानेवारीत बेचाळीस डिग्रीत कापडी सीटवर नऊ तास कोण बसणार आहे?"

"पन्नास किलोंचा प्रश्न आहे गं."

"मला गार सीट पाहिजे. पन्नास किलो तू कमी कर."